ग्राउबुंदन, ऊर्फ टायरचं दुकान

मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या घरात एक काळ असा गेला की माणसं सकाळी दात घासायच्या आधी भांडायची. भांडण सासर-माहेराचं नव्हतं, नळाच्या पाण्याचंही नव्हतं. जो बर्फाळ मुलूख आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता आणि पाहायची शक्यताही नव्हती, त्याचं नाव कसं उच्चारायचं याचं ते भांडण होतं. पप्पा न्हाणीघरातून ओरडायचे, ‘ग्राउबुंदन’. आई भाकरी थापता थापता उत्तर द्यायची, ‘ग्रिसन्स’. मी तेव्हा अकरावीत होते आणि माझा आवाज असा होता की मी गच्चीवरून हाक मारली तर मत्र्याच्या बंदरात शिरणारी बोट आपल्यालाच बोलावलं असं समजून वळायची. मी ओरडायचे, ‘ग्रिगिओनी’. खालच्या मजल्यावरचा मल्याळी शिंपी छताला काठी ठोकायचा. त्याला वाटायचं, आम्ही सकाळची प्रार्थना म्हणतोय आणि तीही चुकीच्या चालीत.

आता हे सगळं कुठून आलं ते सांगते. आमचे पप्पा, पास्कोल, मूळचे वसईचे. एका मोठ्या हॉटेलात ते इतकी वर्षं आचारी होते की तिथल्या कढयांना त्यांच्या हाताचा वास लागला होता. पण स्वतःचं हॉटेल काढायचं हे त्यांच्या डोक्यात लग्नाच्याही आधीपासून होतं. आई म्हणायची, मी दुसरी बायको, पहिलं ते हॉटेल. ओमानमध्ये त्या काळी परक्या माणसाला दुकान काढायचं तर स्थानिक मालक लागायचा, परवाना त्याच्या नावावर. असा मालक, तिथल्या भाषेत अर्बाब, पप्पांना मिळाला: अर्बाब खलफान, खाबुरा गावचा. समुद्राला लागून त्याच्या लिंबाच्या आणि खजुराच्या बागा, आणि रुवीत रस्त्याला तोंड करून एक रिकामा गाळा. एका लग्नात पप्पांच्या हातचं मटण खाऊन त्याने भांड्यासह पप्पांना उचलून न्यायची तयारी दाखवली होती. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तो पप्पांना ‘बास्कोल’ म्हणायचा. शेवटी तर आईही रागावली की बास्कोल म्हणायला लागली होती.

गाळा ठरला, चुली आल्या, पप्पांनी हॉटेलच्या नोकरीचा राजीनामा दिला, आणि नेमक्या त्याच सुमारास अर्बाब बायकोचे गुडघे दाखवायला स्वित्झर्लंडला गेला. गेला तो खाबुऱ्याचा खलफान. परत आला तो डोंगरावरचा. त्याने बर्फ पाहिला होता. गाईच्या गळ्यातली घंटा ऐकली होती. एका म्हातारीच्या खाणावळीत जवाचं सूप प्यायला होता आणि ते पिताना, तो शपथेवर सांगायचा, त्याच्या आईची आठवण येऊन तो रडला होता. परतीच्या सामानात त्याने चार वस्तू आणल्या आणि आमच्या टेबलावर मांडल्या: एक घंटा, एक चॉकलेटचा डबा, एक चित्राचं कार्ड आणि एक टॉवेल, जो त्याने विकत घेतला असं तो म्हणायचा. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, बास्कोल, आपल्या हॉटेलला त्या मुलखाचं नाव द्यायचं.

आणि इथे घोळ झाला. घंटेवर लिहिलं होतं Graubünden. डब्यावर Grigioni. कार्डावर Grisons. टॉवेलवर Grischun. आईने चारही वस्तू ओळीने लावल्या, वाचल्या, आणि अर्बाबकडे संशयाने पाहिलं. एका आठवड्यात एवढी गावं फिरलात, आणि बाईंचे गुडघे दुखत होते म्हणता, असं तिने हिंदीत विचारलं. अर्बाब म्हणाला, एकच ठिकाण होतं. आई म्हणाली, मग तुम्हाला कुणीतरी फसवलंय. तेव्हापासून ज्याने त्याने आपली वस्तू धरली. पप्पांनी घंटा, आईने कार्ड, मी डबा, कारण त्यातली चॉकलेटं मीच संपवली होती. टॉवेल कुणीच घेतला नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं, ते धोब्याचं नाव असेल.

आज कसं, फोनला विचारलं की एक बाई गोड आवाजात उच्चार करून दाखवते आणि भांडण मिटतं. माझी नात तर जेवताना फोनवरच भांडण मिटवते आणि मग ताटावर कुणी काही बोलतच नाही. आमच्या वेळी भांडण मिटवायला माणूस लागायचा, आणि आमच्याकडे होते कांबळेकाका.

कांबळेकाका वरच्या मजल्यावर राहायचे. नागपूरचे इंजिनीयर, अल् खुवैरमध्ये पाण्याच्या कुठल्याशा मोठ्या कामावर. जिन्यातूनच ‘जय भीम, पास्कोल’ म्हणत यायचे. पप्पा ‘जय येशू’ म्हणायचे, आणि मग दोघे मिळून क्रिकेटला शिव्या द्यायचे. काकांचा कशावरही अभ्यास असायचा. त्यांनी घंटा चष्म्याजवळ धरली, त्या u वरच्या दोन टिंबांवर नख ठेवलं आणि म्हणाले, ‘हे टिंब उगाच नसतात बाप्पा. तोंड उ म्हणायला करायचं आन् म्हणायचं इ.’ मग त्यांनी करून दाखवलं. आम्हीही केलं. पप्पा, आई, मी, अर्बाब, सगळे टेबलाभोवती तोंडाचा चंबू करून बसलो. त्या वेळी पाहुणे म्हणून आलेल्या फादरांनी दारातून पाहिलं आणि घंटी न वाजवता परत गेले. पुढच्या शुक्रवारी मिस्सेत त्यांनी कौटुंबिक प्रेमावर प्रवचन दिलं.

(शुक्रवारी, हो. मस्कतमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा देवही रविवार सोडून शुक्रवारी भेटायचा.)

खरा उलगडाही काकांनीच केला. त्यांच्या ऑफिसात पंधरवड्यापूर्वी डोंगर आणि बोगदे तपासायला एक बाई आल्या होत्या, उर्सिना नावाच्या, आणि त्या नेमक्या त्याच मुलखातल्या निघाल्या. काकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, चारही नावं खरी आहेत. तिथे एका खोऱ्यात जर्मन बोलतात, दुसऱ्यात इटालियन, तिसऱ्यात एक जुनी डोंगरी भाषा जी आता थोड्यांनाच येते, आणि कार्डावरचं फ्रेंच नाव बाकीच्या देशासाठी. ही बातमी घरी आली तेव्हा आनंद व्हायच्याऐवजी सगळे हिरमुसले. महिनाभर भांडून प्रत्येकजण बरोबर निघाला की फार रिकामं वाटतं.

अर्बाबने मग तिथल्या टॅक्सीवाल्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलेलं नाव पक्कं केलं. पाटी रंगली: उजवीकडे मोठ्या अरबी अक्षरांत, डावीकडे इंग्रजीत, ग्राउबुंदन. टिंबं पालिकेच्या कारकुनाने काढून टाकायला लावली, तो म्हणाला माश्या बसल्यासारखं दिसतं. पाटी वर चढली आणि खाली अर्बाबचा धाकटा भाऊ सालेम येऊन उभा राहिला.

सालेमचा धंदा टायरचा. त्याच्या अंगाला, त्याच्या गाडीला, त्याने दिलेल्या हलव्यालाही रबराचा वास यायचा. त्याचा डोळा त्या गाळ्यावर पहिल्यापासून होता. तो पाटीकडे पाहून पोट धरून हसला. थोरल्या भावाला म्हणाला, जे नाव तुला, मला, आचाऱ्याला, गिऱ्हाइकाला कुणालाच म्हणता येत नाही, त्या नावाच्या हॉटेलात कोण येणार? त्या मुलखाचा माणूस आला तर तोसुद्धा हसेल. टायरला नाव लागत नाही. टायर गोल असला की माणूस आपोआप येतो. आणि गाळा दोघा भावांच्या वाटणीतला, त्यामुळे अर्बाबला त्याला हाकलूनही देता येईना. शेवटी चिडून अर्बाब सगळ्यांसमोर म्हणाला:

‘ठीक आहे. कांबळेच्या ऑफिसातली ती बाई शुक्रवारी येईल. इथे बसेल, खाईल. तिला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं तर हॉटेल. ती हसली तर टायर. खलास.’

अरब माणूस एकदा खलास म्हणाला की मग ती गोष्ट उंट जुंपूनही हलवता येत नाही. पप्पा त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. जुनी नोकरी सोडलेली. हॉटेल बुडालं तर व्हिसा गेला, व्हिसा गेला तर घर गेलं, माझी शाळा अर्ध्यावर सुटली, आणि सगळी वरात पेट्या बांधून वसईला. वसईला जायला कुणाची ना नव्हती, पण हरून कोण जातं? आई म्हणाली, सालेमकडे टायर विकायला लागा. पप्पा म्हणाले, टायरमधलं मला एकच कळतं, ते शिजत नाही.

मग तो आठवडा. आईने जवाचं सूप हाती घेतलं. जव अर्बाबच्या बागेतून आले, आणि कृती अर्बाबच्या आठवणीतून, म्हणजे ‘पांढरं होतं, गरम होतं, आणि मी रडलो’ एवढीच. आईने बोकडाची हाडं रात्रभर उकळली, जव घातले, कांदा, गाजर, आणि शेवटी वसईहून आलेल्या बाटलीतल्या मसाल्याची इतकी लहान चिमूट, की मसाल्यालाही कळू नये आपण कुठे आलो. त्या मुलखात अक्रोडाचा केक करतात असं काकांकडून कळलं. अक्रोड महाग, म्हणून आईने सुकेळी घातली, आमची वसईची वाळवलेली राजेळी केळी, आणि अर्बाबचा खजूर. घरभर असा वास सुटला की शिंप्याने छताला काठी ठोकली, ती या वेळी वाटी मागायला.

शुक्रवार उजाडला. आमची मिस्सा झाली, अर्बाबची नमाज झाली, आणि उर्सिनाबाई कांबळेकाकांच्या गाडीतून उतरल्या. साठीच्या, उन्हाने लाल झालेल्या, पायात डोंगर चढायचे बूट. मी इंग्रजी बोलणारी म्हणून मला त्यांच्या शेजारी बसवलं होतं, आणि ताकीद होती की पाटीकडे त्यांची पाठ राहील असं बसवायचं. सालेम समोरच्या खुर्चीवर हाताची घडी घालून, नजर बाईंच्या ओठांवर. दाढीला बसलेला माणूस जसा न्हाव्याच्या वस्तऱ्याकडे पाहतो तसा.

बाई हसल्या नाहीत. पण जे झालं ते हसण्याहून भयंकर होतं, आणि त्याला कारण तीन गावांचे संस्कार. खाबुऱ्याचा संस्कार असा की पाहुण्याला कावा, म्हणजे वेलचीची कडू कॉफी, यजमानाने स्वतः ओतायची, चिमुकल्या बिनकानाच्या पेल्यात, आणि पाहुणा पेला दोन बोटांत धरून हलवत नाही तोवर ओतत राहायची. पेला हलवणं म्हणजे पुरे. वसईचा संस्कार असा की पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं हा घराचा अपमान. आणि बाईंच्या डोंगरातला संस्कार असा की ताटात पडलेलं टाकायचं नाही. हिवाळा लांब असतो. यात भर कांबळेकाकांची. त्यांनी वाटेत गाडीत बाईंचा अभ्यास घेतला होता: मॅडम, ओमानात काहीही झालं तरी नको म्हणू नका, लोकांना फार लागतं. पेला हलवायचं मात्र सांगायचं राहिलं. नागपुरात पेला कुणी हलवत नाही.

अर्बाब ओतत गेला, बाई पीत गेल्या. बाई संपवायच्या आणि पेला विनम्रपणे खाली ठेवायच्या, अर्बाब आनंदाने भरायचा. त्याला वाटलं, हिला आपला कावा जगात सगळ्यात जास्त आवडतो. इकडे सूप आलं. बाईंनी वाटी स्वच्छ केली, पप्पांनी भरली. त्यांनी पुन्हा स्वच्छ केली. केक गेला, मटण गेलं, भात गेला. पप्पा आत-बाहेर असे धावत होते की त्यांच्या चपलांनी फरशीत वाट पडली; ती वाट तिथे अजून आहे, जाऊन बघा. बाईंचा चेहरा लालचा पांढरा झाला आणि पांढऱ्याचा शांत. मी कानात विचारलं, बऱ्या आहात ना? त्या म्हणाल्या, ‘डियर, इज देअर मच मोअर?’ आणि माझं उत्तर यायच्या आत पप्पांनी सुपाचा आणखी एक डाव वाटीत ओतला.

मग बाईंनी खुर्चीला पाठ टेकली, मान खिडकीच्या काचेला लावली, आणि त्या झोपल्या. साध्या नाही, घोरत. घोरणं असं की कपाटातल्या बशा एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

शुक्रवारची दुपार, रुवीचा रस्ता, सुट्टीची माणसं. काचेला टेकून एक गोरी बाई तोंड उघडं टाकून निजलीय हे पाहायला एक थांबला, दोन थांबले, मग अख्खी रुवी थांबली. वार्ता अशी पसरली की आत असं काही जेवण आहे जे गोऱ्या माणसाला पेलत नाही. लोक दार ढकलून आत यायला लागले. कुणी हळूच विचारी, बाईंनी खाल्लं तेच आहे का? पप्पांना कळेना रडावं की वाढावं. त्यांनी वाढलं.

सालेम मात्र उठून उभा राहिला. म्हणाला, ही बेशुद्ध पडलीय, हिला दवाखान्यात न्या आणि पाटी उतरवा. अर्बाब म्हणाला, माणूस परक्या ठिकाणी झोपतो का? झोपली म्हणजे घर. सालेम म्हणाला, उंटही कुठेही झोपतो. अर्बाबचा आवाज चढला, सालेमचा त्याहून चढला, कांबळेकाका मध्ये पडून शास्त्रीय दृष्ट्या झोप आणि मूर्च्छा यांतला फरक सांगायला लागले, आणि त्या गदारोळात बाईंनी डोळे उघडले.

त्या काहीतरी बोलल्या. इंग्रजी नव्हतं, जर्मनही नव्हतं. जाड, गोल, नदीतल्या गोट्यांसारखी भाषा. त्या पप्पांकडे बघूनच बोलल्या, झोपेतून उठलेलं माणूस घरच्या माणसाशी बोलतं तसं, थोडं तक्रारीत. आणि माझे पप्पा, जे ओमानात मालकाशी हिंदी, साहेबाशी इंग्रजी, कांबळेकाकांशी चोख पुस्तकी मराठी बोलायचे, आमची वसईची कादोडी बोली दाराबाहेर कधी काढायचे नाहीत, ते भांबावून कादोडीत म्हणाले की बस गं बाई, पड अजून जरा, कुठे घाई आहे. तिने तिच्या भाषेत उत्तर दिलं. त्यांनी आपल्या. असं बराच वेळ चाललं. ती काय म्हणाली ते पप्पांना कळलं नाही, पप्पा काय म्हणाले ते तिला कळलं नाही, आणि कुणाचंही काही अडलं नाही.

मग बाई पुरत्या जाग्या झाल्या, ओशाळल्या, आणि इंग्रजीत म्हणाल्या की माफ करा, मला वाटलं मी माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात आहे. तिथेही असाच सुपाचा वास असायचा आणि अशीच माणसं माझ्या डोक्यावर भांडायची. मी विचारत होते, शेळ्या आल्या का?

मी हे मोठ्याने हिंदीत सांगितलं. माझ्या आवाजात सांगितलं, म्हणजे मत्र्यातही कळलं असणार. अर्बाबचे डोळे भरले. त्याने सालेमकडे पाहिलं आणि नुसती भुवई वर केली. सालेम खाली बसला.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण बाईंनी पप्पांना विचारलं, तुमची भाषा कुठली, गाव कुठलं? पप्पा आनंदाने सैल झाले होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी भाषांतर करत गेले. गाव वसई. पोर्तुगीज आले, त्यांनी बसाईं केलं. पेशव्यांनी जिंकलं, त्यांनी बाजीपूर केलं. इंग्रज आले, त्यांनी बॅसीन केलं. मग आपलं राज्य आलं, पुन्हा वसई. आणि, पप्पा म्हणाले, माझ्या आजोबांनी यातलं प्रत्येक नाव घालून एकाच शेताचे कागद केले, म्हणून कोर्टात ते चार गावांचे जमीनदार ठरले आणि त्यांच्याकडे होता एक केळीचा वाफा.

बाई हसल्या. आधी नाकातून, मग खांद्यांनी, मग टेबलावर हात आपटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पप्पांच्या हातातला डाव हवेत थांबला. सालेम खुर्ची मागे सारून उठला, सावकाश, ईदचा चंद्र दिसल्यासारखा, आणि म्हणाला, ‘शूफ, बघ. हसली. सगळ्यांनी पाहिलं. हसली तर टायर, तूच म्हणालास.’

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने पदर तोंडाला लावला. पेट्या माळ्यावरून काढायच्या तर कुठली आधी, हे ती मनात ठरवत होती, असं तिने नंतर सांगितलं. सगळे अर्बाबकडे पाहत होते, गिऱ्हाइकंसुद्धा, ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

अर्बाब खलफानने पेल्यात उरलेला कावा घोटभर पिऊन टाकला, दोन बोटांत पेला हलवला, आणि मस्कतच्या कुठल्याही न्यायाधीशाला लाजवील अशा थंडपणे म्हणाला:

‘ती बास्कोलच्या गावाला हसली. पाटीवरच्या नाही. तू जा, टायर वसईत लाव.’

हॉटेल पुढे पुष्कळ वर्षं चाललं. बाई ओमानात होत्या तोवर दर शुक्रवारी आल्या. पेला हलवायला मी शिकवलं. पण आमच्या आईने मात्र त्यांना कधी मनापासून सूप वाढलं नाही. म्हणायची, गावाला कुणी असं टेबल आपटून हसतं का.